वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्याचा खर्च कुणी करायचा?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका अभ्यासकेंद्राच्या निवृत्त संयोजकांनी केलेले भाषण. वाचकांसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



मला दिलेला विषय आहे ‘विद्यापीठांचे बहिःशाल शिक्षण’. आमच्या केंद्रात हा शब्द फळ्यावर लिहिला की एक शिपाईमामा दरवेळी विचारायचे, “सर, आज शाल कुणाला द्यायची?” शाल-श्रीफळाशी या शब्दाचा काही संबंध नाही. बहिःशाल म्हणजे शाळेबाहेरचं. जो माणूस विद्यापीठाच्या दारापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत विद्यापीठाने जायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण मामांचा प्रश्न मी विसरलेलो नाही. तो का, ते पुढे सांगतो.

ही कल्पना नवी नाही. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाने तिथलं बहिःशाल मंडळ गावोगावी व्याख्यानमाला घेत आलं आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी मानली. १९७८ च्या २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि महाविद्यालयांतले तरुण कंदील घेऊन रात्रीचे वर्ग चालवू लागले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढ माणसाने पूर्वतयारी परीक्षा द्यावी आणि पदवीच्या वर्गात बसावं, अशी वाट या विद्यापीठाने उघडली. आमचं केंद्र त्याच वाटेवरचं एक लहानसं ठिकाण होतं.

म्हणजे कल्पना चांगली, कायदा बाजूने, पुस्तकं तयार. मग अडतं कुठे?

आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के होती आणि आपल्या जिल्ह्याची ६४.४. राज्यात सगळ्यांत कमी. महाराष्ट्रातल्या आदिवासी स्त्रियांचा आकडा ५७ टक्के. शाळेबाहेरच्या शिक्षणाची गरज जिथे सर्वांत मोठी, तिथेच ते सर्वांत कमी पोचतं. याचं एक कारण पैसा आणि दुसरं कारण माहिती, असं आपण म्हणतो. पण इतकी वर्षं हे काम केल्यावर मला ती दोन कारणं वेगळी वाटत नाहीत. तुम्हाला एक प्रसंग सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. धडगावकडच्या एका पाड्यावरची ताई आमच्या केंद्रात आली. आठवीनंतर शाळा सुटलेली, दोन मुलं. ग्रामपंचायतीत निवडून आली होती. ती म्हणाली, “सर, मी ठरावावर सही करते. त्यात काय लिहिलंय ते ग्रामसेवक सांगतो तेवढंच मला कळतं. मला स्वतः वाचून समजायचंय.” घरात पावरी बोलणारी ही बाई सरकारी मराठीशी झगडत पूर्वतयारीची पुस्तकं वाचत राहिली. रविवारच्या संपर्कसत्राला यायचं तर पहाटे पायी उतरून काळीपिवळी जीप धरायची आणि रात्री परत चढायचं. ती परीक्षा पास झाली. त्या दिवशी तिने केंद्रात सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले.

पुढे पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश. शुल्क भरायचं जुलैमध्ये. आता जुलैमध्ये पाड्यावर पैसा असतो का? बियाणं-खत घेऊन झालेलं असतं, पीक दिवाळीला यायचं असतं. हातात रोकड येते ती ऊसतोडीवरून परतल्यावर, होळीच्या सुमारास. विद्यापीठाचं वर्ष आणि डोंगराचं वर्ष एकमेकांना भेटतच नाही. तिने चांदीचं कडं गहाण ठेवलं, पैसे घेऊन आली, तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. मुदतीची सूचना आम्ही लावली होती. कुठे? महाविद्यालयाच्या फलकावर. वर्तमानपत्रातही दिली होती. तिच्या पाड्यावर ना फलक, ना वर्तमानपत्र.

आणि आता मामांची शाल. त्याच महिन्यात आमच्याकडे नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. एका देणगीदारांनी सभागृहासाठी रक्कम दिली होती, ती त्याच कामावर खर्च करण्याचं बंधन होतं. पाहुणे आले, व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल-श्रीफळ दिलं. नंतर हिशेब लिहिताना माझ्या लक्षात आलं की शाली, नारळ आणि हारांचा खर्च त्या ताईच्या शुल्कापेक्षा जास्त होता. वेळेवर तिला निरोप गेला असता आणि ते शुल्क कुणी चार-सहा महिन्यांसाठी पुढे केलं असतं, तर तिचं वर्ष वाचलं असतं. पुढच्या दिवाळीनंतर तिचं कुटुंब उसाला गेलं. ती पुन्हा केंद्रात आली नाही. संयोजक मी होतो. ही चूक माझी होती, आणि ती मी इथे मुद्दाम सांगतो आहे.

बंधुभगिनींनो, भिंतीला देणगी मिळते, माणसाला मिळत नाही. भिंतीवर नावाची पाटी लावता येते, फोटो काढता येतो. बहिःशाल शिक्षणाला इमारत नसते. त्याचे विद्यार्थी पन्नास पाड्यांवर विखुरलेले असतात. ते दिसत नाहीत म्हणून त्यांची कुणाला माहिती नाही. माहिती नाही म्हणून पैसा नाही. पैसा नाही म्हणून पाड्यावर जाणारा माणूस नाही. आणि माणूस गेला नाही की ते आणखीच दिसेनासे होतात. असं हे चक्र आहे.

पैशाच्या वाटाही पाहा. सरकारी योजना ठरावीक वर्षांसाठी मंजूर होते. योजना संपली की कार्यकर्त्याचं मानधन थांबतं आणि लोकांनी त्याच्यावर टाकलेला विश्वास त्याच्याबरोबर निघून जातो. मुक्त विद्यापीठाचा गाडा बराचसा विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यांत कमी आहे, त्याच्याच खिशावर भार.

कंपन्यांचं म्हणाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं आहे. शिक्षण त्यात बसतं. पण कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही तोच कायदा सांगतो. धडगाव-मोलगीच्या डोंगरात कारखाना कुठे आहे?

परदेशी मदतीचं तुम्ही जाणताच. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे झिरपणारं पाणी त्यामुळे आटलं. कायदा आहे, तो पाळायचाच. पण याचा अर्थ असा की यापुढे आपल्या गावातल्या, आपल्या मंडळ्यांमधल्या देणगीची किंमत पूर्वीपेक्षा जास्त आहे.

काहीजण म्हणतील, आता सगळं मोबाईलवर आहे. अर्ज मोबाईलवर, शुल्क मोबाईलवर, धडेही मोबाईलवर. ज्याला टेकडीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, ज्याच्या आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही, त्याला अर्ज भरायला शेजारी बसणारा माणूस लागतोच.

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काय केलं ते आठवा. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरवला. मुलं गुरं चारायला जायची, तर त्यांच्यामागे कुरणात शाळा नेली. मुलं शिकायला नाखूश आहेत असं त्यांनी मानलं नाही. शाळेची जागा आणि वेळ चुकते आहे, हे ओळखलं. प्रौढांच्या शिक्षणालाही तीच रीत लागू पडते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, शुल्कासाठी एक फिरता निधी करावा. जुलैमध्ये शुल्क निधीतून भरायचं, होळीनंतर ज्याला जमेल तसं त्याने परत करायचं. ज्याला नाहीच जमलं, त्याच्यामागे तगादा नको. ही भीक नाही. दोन वेगळ्या कॅलेंडरांमधलं अंतर भरून काढायची ही सोय आहे.

दुसरी, वर्षभरासाठी एका माणसाचा खर्च उचलावा. त्याचं मानधन आणि प्रवासखर्च. तो भिली किंवा पावरी बोलणारा, शक्यतो त्याच भागातला असावा. त्याच्या नावाची पाटी कुठे लागणार नाही, हे देणाऱ्याने आधीच समजून घ्यावं. आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी समंत्रक म्हणून रविवारी दुपारचे दोन तास दिले, तर तीही देणगीच आहे.

तिसऱ्या विनंतीला एक पैसाही लागत नाही. प्रवेशाची मुदत, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची तारीख या सूचना उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवा, लोकांच्या बोलीत. तिथेच थांबू नका. आठवड्याच्या बाजारात सांगा, अंगणवाडीताईंना सांगा, आशाताईंना सांगा. जो आपल्या मंडळीत येत नाही त्यालाही सांगा. शिक्षणाची सूचना सगळ्या गावाची असते. वर्तमानपत्र जिथे पोचत नाही, तिथे तुमचा आवाज पोचतो.

शेवटी एकच. आजच्या कार्यक्रमासाठी मला शाल देण्याचं ठरलं होतं, असं समजलं. मी आयोजकांना विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. शाल आणि नारळाची रक्कम एका पाकिटात घालून कोषाध्यक्षांकडे दिली आहे. फिरत्या निधीची ती पहिली नोंद समजा. जुलै यायला अजून चार महिने आहेत.