हाताला काम, कामाला कारण



मुलांना वर्गाबाहेर नेऊन प्रत्यक्ष कामातून शिकवावे, हा विचार कोणालाही चटकन पटतो. परंतु गंगाखेड तालुक्याच्या या डोंगराळ भागात तो मांडताना एक अवघड प्रश्न समोर उभा राहतो. येथील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आपल्या मुलाच्या हाती कोयता येऊ नये, म्हणूनच त्या आईबापांनी त्याला शाळेत घातलेले असते. त्यांना श्रमप्रतिष्ठेचा उपदेश करणे शोभत नाही. 'राबणे घरात आहेच, ते शाळेने काय शिकवायचे?' हा त्यांचा सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

हा सवाल नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि उद्योगाच्या द्वारे शिक्षण देणारी 'नई तालीम' आकाराला आली. विचार मूलगामी होता, पण तो देशभर रुजला नाही. शहरातील मुलांना पुस्तक आणि खेड्यातील मुलांना टकळी, अशी शंका पालकांच्या मनात राहिली. पुढे 'कार्यानुभव' हा विषय आला, तोही अनेक शाळांत बाजारातून आणलेल्या शोभेच्या वस्तूंवर आणि वहीतील गुणांवर भागवला गेला. एका ठिकाणी विश्वास कमी पडला, दुसऱ्या ठिकाणी काम खोटे ठरले.

या दोन्ही उणिवांवर एक उत्तर पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावात शोधले गेले. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांनी घडवलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील अनेक शाळांपर्यंत पोहोचला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामाला द्यायचा, असे त्याचे स्वरूप. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशी त्याची चार अंगे. मुलगा असो वा मुलगी, चारही अंगांचे काम प्रत्येकाने करायचे. शिकवायला गावातीलच कुशल कारागीर, आणि शिकलेल्या कौशल्याचा उपयोग गावाच्या सेवेसाठी.

येथे श्रम आणि शिक्षण यांतील भेद स्पष्ट होतो. गाईला चारा घालणे हे काम झाले. तिच्या छातीचा घेर आणि शरीराची लांबी टेपने मोजून, सूत्राने वजन काढून, त्यावरून खुराकाचे प्रमाण ठरवणे हे शिक्षण झाले. पत्र्यावरून पन्हळीचे पाणी पिंपात घेणे आपल्याकडे घरोघरी चालते. पण एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे कळलेला विद्यार्थी शाळेचे छप्पर मोजतो. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार लिटर, असा हिशेब तो मांडतो आणि टाकी केवढी हवी ते सांगतो. राबणारा हात 'कसे' जाणतो. त्याला 'का' आणि 'किती' यांची जोड मिळाली की तोच हात दुसऱ्याच्या हुकुमावर अवलंबून राहत नाही. ऊसतोडीहून परतलेल्या मुलालाही या वर्गात मागे पडल्यासारखे वाटणार नाही. टनामागचा दर, उचल आणि फेड यांचा हिशेब हेच त्याच्यासाठी जिवंत गणित आहे.

दुसरी अट अशी की, केलेल्या कामाची कोणाला तरी खरी गरज असावी. वहीतील चुकीवर लाल रेघ येते आणि ती विसरली जाते. चुकीचा जोडलेला नळ मात्र गळतो, आणि तो दुरुस्त करेपर्यंत सुटका नसते. जबाबदारीचा हा संस्कार भाषणाने होत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची शिफारस आहे. सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी जाऊन शिकावे, हा तिचा आशय. त्या दहा दिवसांची सहल होऊ द्यायची की शाळा, हे गावाच्या हाती आहे. कारागिराला दारात उभा करून त्याचे काम 'दाखवणे' पुरेसे नाही. त्याला गुरूचे आसन आणि वेळेचे योग्य मानधन मिळाले पाहिजे. ज्या हातांना जातीच्या चौकटीत बसवून समाजाने कमी लेखले, त्यांच्यापुढे सर्व घरांतील मुले शिष्य म्हणून बसली, तर समरसतेचा तो सर्वांत साधा धडा ठरेल.

राणीसावरगावात आरंभ लहान असावा. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवावा. गावातील ठरावीक विहिरींची पाणीपातळी मुलांनी दर पंधरवड्याला मोजावी आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. रब्बीत कोणते पीक घ्यावे, या चर्चेत शेतकऱ्यांनी ते वाचावेत. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना पिण्याचे पाणी किती लागेल आणि कचरा कोठे जाईल, याचा आराखडा नववीच्या वर्गाने करावा. त्यात चुका होतील. पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्या सुधाराव्यात.

यासाठी मोठा निधी लागत नाही. शिक्षकांनी आठवड्यातील अर्धा दिवस राखून ठेवावा, पालकांनी आपली हत्यारे आणि आपले ज्ञान घेऊन त्या दिवशी शाळेत यावे. संध्याकाळी मूल घरी आले की 'आज काय केले?' एवढ्यावर न थांबता 'ते तसेच का केले?' असेही त्याला विचारावे.