समजल्याशिवाय लिहायचे नाही

(२०२५ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिक्षक नाही, साहित्यिक तर नाहीच नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांची देखभाल करणारा साधा इंजिनीअर आहे. तरीही कार्यवाहांनी मला बोलायला उभे केले, कारण यंदा मुलांच्या निबंध स्पर्धेचा परीक्षक मी होतो. त्या स्पर्धेत जे घडले ते सर्वांना सांगावे, असा त्यांचा आग्रह होता.

विषय होता 'माझे आजोळ'. निबंध घरून लिहून आणायचे होते. एकूण अकरा निबंध आले, त्यातले आठ छापील. भाषा शुद्ध, एक वेलांटी चुकलेली नाही. मला आनंद झाला. जबलपूरला राहून आपली मुले इतके सुंदर मराठी लिहितात! पण चौथ्या निबंधापाशी मी थांबलो. पहिल्यात अंगणात तुळशीवृंदावन होते, दुसऱ्यातही होते, चौथ्यातही होते. तिन्ही आजोळी आंब्याचे झाड होते आणि तिन्ही आज्या संध्याकाळी गोष्टी सांगत होत्या. त्यातल्या एका मुलाचे आजोळ मला ठाऊक आहे. नागपूरला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे तो!

आणि मंडळी, चौथा निबंध माझ्याच मुलाचा होता.

घरी आल्यावर विचारले. तो सहज म्हणाला, "बाबा, विषय टाकला की येतं सगळं. शाळेच्या प्रोजेक्टला पण असंच करतात." मी रागावणार होतो, पण टॅब्लेट कोणी आणून दिला? मीच. २०२० मध्ये तो पहिलीत गेला आणि लॉकडाऊनमुळे शाळा बंद. 'अ' आणि 'आ' तो काचेवर बोट फिरवून शिकला. ठिपके जोडले की पडद्यावर चांदणी यायची, आम्ही टाळ्या वाजवायचो. आज तो सहावीत आहे. वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, धड्याच्या नोट्स मोबाईलवर येतात, वहीत रिकाम्या जागा भरायच्या असतात. पाच वाक्ये स्वतःची जुळवायची वेळच त्याच्यावर फारशी येत नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही. डिप्लोमाला असताना ड्रॉईंगमधला छेद कसा दिसतो हे समजायला मला कित्येक महिने लागले होते. तेच आज पडद्यावर वस्तू फिरवून मिनिटभरात समजते. ज्या मुलांना हाताने लिहिणे खरोखरच अवघड जाते, त्यांच्यासाठी तर कीबोर्ड हा मोठा आधार आहे. प्रश्न इतकाच की समजावून सांगायला आणलेले यंत्र मुलाच्या वाट्याचे लिहिणेही करू लागले तर काय होते?

यावर मी थोडे वाचले. अमेरिकेत २०१२ मध्ये कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. मुलांनी काही अक्षरे स्वतः हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काहींसाठी फक्त कीबोर्डचे बटण दाबले. नंतर तीच अक्षरे दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. वाचनाशी संबंधित भाग जागा झाला तो स्वतः काढलेल्या अक्षरांनी. गिरवण्याने किंवा बटण दाबण्याने तसे झाले नाही. वेडेवाकडे 'अ' काढताना जी धडपड होते, तेच शिक्षण असते.

मोठ्या मुलांचेही पाहा. २०१४ मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी व्याख्यानाच्या नोट्स लॅपटॉपवर आणि हाताने घेणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना केली. लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द उतरवले, पण जसेच्या तसे. विचार करून उत्तर द्यायच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे होते. २०१९ मध्ये इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही. म्हणून मी त्याला ब्रह्मवाक्य म्हणणार नाही. पण कारण मला पटते. हात हळू चालतो, सगळे उतरवणे शक्य नसते, म्हणून काय महत्त्वाचे ते निवडावे लागते. निवडायचे तर आधी समजावे लागते.

आज आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत त्या गणरायाची गोष्ट आठवा. व्यासांनी महाभारत लिहून घ्यायला त्याला विनंती केली. गणपतीने अट घातली, मध्ये थांबायचे नाही. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. पहिली अट आजची यंत्रे उत्तम पाळतात. दुसरी पाळायला माणूसच लागतो.

माझ्या खात्यातले उदाहरण देतो. कीमॅन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. अलीकडे अनेक ठिकाणी त्याच्याजवळ जीपीएस असते. तो कुठे होता, किती वाजता होता, हे मला ऑफिसात बसून कळते. सोय चांगलीच आहे. पण त्याने काय पाहिले ते जीपीएस सांगत नाही. पुलापाशी खडी सरकली आहे, हे त्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते आणि त्याला ते सांगता यावे लागते. छापील निबंध म्हणजे असेच. मूल सगळा रस्ता चालून गेले असे दिसते, पण त्याने काय पाहिले याचा पत्ताच नसतो.

मग आम्ही ठरवले, स्पर्धा पुन्हा घ्यायची. याच मांडवात, सतरंजीवर बसून, कागद-पेन्सिलने, चाळीस मिनिटांत. माझ्या मुलाने नऊ ओळी लिहिल्या. 'भुसावळ'चे 'भुसावल' केले, 'आजोळ'चे 'आजोल'. शाळेत हिंदी, त्यामुळे 'ळ' हाताला माहीतच नाही. फोनवर तो रोमन अक्षरांत मराठी टाईप करतो आणि शुद्ध शब्द फोनच निवडून देतो. पण त्या नऊ ओळींत एक वाक्य होते. गाडीचा आवाज आला की आजोबा घड्याळ बघतात आणि म्हणतात, आज पण लेट.

मंडळी, माझे सासरे रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. ते घड्याळ बघतात हे मी वीसदा पाहिले असेन, पण माझ्या कधी लक्षात राहिले नाही. पोराने ते टिपून ठेवले होते. त्याला बक्षीस मिळाले नाही, ते दुसऱ्या एका मुलीला मिळाले आणि योग्यच मिळाले. पण तो कागद मी माझ्या डायरीत ठेवला आहे.

पालकांना माझी तीनच विनंती आहेत. स्मार्ट बोर्डवर काय पाहिले ते मुलांनी रोज पाच ओळींत, न बघता, स्वतःच्या शब्दांत लिहावे. आधी कागदावर, टायपिंग नंतर. आणि महिन्याला एक पत्र आजी-आजोबांना मराठीत, हाताने लिहावे. चुका होतील, होऊ द्या. आपण परप्रांतात राहतो, मुले मराठी बोलतात, पण लिहिणारी ही शेवटची पिढी ठरू नये. मंडळालाही विनंती आहे की यापुढे निबंध स्पर्धा मांडवातच बसून घ्यावी.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर खर्च केला, तो उगाच नव्हे.

गणपती बाप्पा मोरया!