चेहरा आणि चौकट

फोटो काढणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी घरात कॅमेरा असलाच तर तो कपाटात कुलपाखाली असे आणि लग्नमुंजीलाच बाहेर निघे. आज तो प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. पण गंमत बघा. घरातले वडीलधारे माणूस जाते, भिंतीवर लावायला तसबीर हवी होते, आणि मग शोधाशोध सुरू होते. शेवटी कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून मोठा करून घ्यावा लागतो. शेजारच्याचा खांदा कडेला तसाच राहतो. फोटो शेकड्यांनी, पण त्या माणसाचा म्हणून एकही नाही! दोष यंत्राचा नाही, हाताला लागलेल्या सवयींचा आहे. त्यांतल्या तीन-चार सवयी आज तपासून पाहू.

पहिली सवय, चेहरा चौकटीच्या बरोबर मध्यावर ठेवण्याची. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांत फोकस जुळवण्याची खूण मधोमध असे. ती चेहऱ्यावर धरायची आणि बटण दाबायचे. परिणाम असा, की डोक्यावर हातभर रिकामी भिंत आणि खाली हात मात्र कापलेले. मोबाईलला हे बंधन नाही. पडद्यावर डोळ्यापाशी बोट टेकवा, फोकस तिथे जुळेल. मग चौकट हवी तशी हलवा. डोळे वरून साधारण एकतृतीयांशावर आले की बहुधा चित्र बसते. हा तिसऱ्या हिश्श्याचा नियम जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली आपल्या पुस्तकात मांडला, पण तो निसर्गदृश्यांच्या संदर्भात. तेव्हा तो सोयीपुरता पाळावा. माणूस समोर रोखून पाहत असेल तर मध्यावरही शोभतो. बाजूला पाहत असेल तर ज्या बाजूला नजर आहे तिकडे जागा सोडा. नाहीतर तो भिंतीला नाक लावून बसल्यासारखा दिसतो.

दुसरी सवय, फार जवळ जाण्याची. भिंग नाकापासून फूटभर अंतरावर असेल, तर कान त्याच्यापासून जवळजवळ दीडपट लांब पडतात. म्हणून नाक फुगते आणि कान मागे पळतात. सहा फुटांवर उभे राहा, हा फरक पंधराव्या हिश्श्यावर येतो आणि चेहरा आपल्या ओळखीचा दिसू लागतो. फिल्मच्या पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यावर व्यक्तिचित्रासाठी ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग लावीत, ते याचसाठी: लांब राहूनही चेहऱ्याने चौकट भरावी. मोबाईलवर पाच-सहा फूट मागे सरा आणि दुप्पट झूम करा.

तिसरी सवय, फक्त चेहऱ्याकडे पाहण्याची. बटण दाबण्यापूर्वी नजर एकदा चौकटीच्या चारही कडांवरून फिरवा. डोक्यातून खिडकीचा गज उगवला आहे का? कानामागे कॅलेंडर लोंबते आहे का? अर्धे पाऊल डावीकडे सरकले की निम्मी अडगळ नाहीशी होते. आणि हात कापायचाच झाला तर मनगटावर किंवा कोपरावर कापू नये. तो तुटल्यासारखा वाटतो. दोन सांध्यांच्या मध्ये कापावा.

काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे, हे शिकायचे तर ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची चित्रे पाहावीत. १८६३ च्या डिसेंबरात लेकीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. १८६७ साली त्यांनी खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे चित्र टिपले. त्यात टेबल नाही, पुस्तके नाहीत, दुर्बीण तर नाहीच. काळोख, पांढरे विस्कटलेले केस आणि उजेडात आलेला वृद्ध चेहरा, बस्स.

एवढा उजेड आपल्या घरातही असतो. खिडकी पाठीशी नव्हे, बाजूला येईल अशी खुर्ची ठेवा आणि दिवे घालवा. आईला किंवा आजीला बसवा. ‘हसा’ म्हणू नका. माहेरच्या गावाबद्दल विचारा. तिचे हात मांडीवर दिसू द्या. जन्मभर राबलेले हात चेहऱ्याइतकेच बोलतात. मग दहा फोटो काढा, पण दर खेपेला एकच गोष्ट बदला: कधी अंतर, कधी उंची, कधी नजरेची दिशा. दहाही शेजारी ठेवून पाहा. डोळ्याला वळण लागते ते अशाने.

निवडलेला एक फोटो मात्र कागदावर छापून घ्या, आणि ज्याचा आहे त्याच्या हातात द्या. तो पाहताना त्या माणसाला काय वाटले, ते ऐकून घ्यायला आपणही समोर असावे.