म्हातारपणची तहान



दोन वर्षांमागे ऐन वैशाखात आमचे वडील एकाएकी असंबद्ध बोलू लागले. वय झाले, असे म्हणून आम्ही दोन दिवस दवडले. डॉक्टरांनी विचारले, “हे दिवसाकाठी पाणी किती पितात?” घरातल्या एकालाही सांगता येईना!

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. शरीर कोरडे पडले तरी घसा पाणी मागत नाही. त्यातून वडिलांनी पाणी मुद्दाम तोडले होते. रात्री उठावे लागेल, अंधारात पडलो तर पोरांना त्रास, हा त्यांचा हिशेब. उशाशी तांब्या होता. पण भरलेला तांब्या त्यांना उचलवत नव्हता, हे आम्ही कधी पाहिलेच नाही.

मग लहान फुलपात्र आले, मोरीच्या वाटेवर दिवा आला. दिवसा थोड्याथोड्या वेळाने पाणी, ताक, पेज, रात्री बेताने. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.)

खाण्याचेही तेच. कवळी सैल झाली की माणूस भाकरी-उसळ सोडतो आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढतो. ‘म्हाताऱ्याला लागते काय!’ असे आपण म्हणतो. पण प्रथिनांची गरज वयाबरोबर घटत नाही. घट्ट वरण, मऊ खिचडी, दही, चालत असेल तर अंडे द्यावे. आणि ताट खोलीत नेऊन ठेवू नये. वडील आता आमच्या पंगतीला बसतात. मिठावरून कुरकुरतात, आणि वरण दुसऱ्यांदा मागून घेतात.