चार रविवार गैरहजर

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

आवाज येतोय ना नीट? मागून हॉर्न ऐकू येतील, तेवढे सहन करा. मी आत्ता सात रस्त्यावर आहे, पप्पांच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. खिडकी लावली तरी अख्खी वाहतूक आत येते.

सध्या सोलापुरात गड्डा सुरू आहे. बाहेरच्यांसाठी सांगते, सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची यात्रा, सात नंदीध्वज निघतात, आणि जत्रेला आम्ही गड्डा म्हणतो. कॉलेजमधून चार दिवसांसाठी घरी आलेय. मागच्या वर्षी याच आठवड्यात, याच खोलीत मी काय अवस्थेत होते ते आज सांगायचंय. कारण गेल्या भागानंतर जे मेसेज आले त्यातले निम्मे रिपीटर मुलामुलींचे होते, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता. "ताई, पुस्तक उघडलं की डोकं बंद पडतं. मी आळशी आहे का?"

आणि हो, सात रस्ते म्हणजे आयुष्यातले सात पर्याय, असला डायलॉग मी मारणार नाही. इथं राहणाऱ्याला माहितीय, सात रस्ता म्हणजे रस्ता ओलांडायला पाच मिनिटं. [हसते]

तर माझी गोष्ट. मी आता बीडीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याआधी नीटचे दोन प्रयत्न. पहिला 5 मे 2024 ला, दुसरा 4 मे 2025 ला. मधलं एक वर्ष ड्रॉप.

मला डेंटललाच जायचं होतं. हे वाक्य मी सोलापुरात किती जणांना सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी समोरून एकच चेहरा. "अगं, एमबीबीएसला नंबर लागत नाही म्हणून म्हणतेस ना?" पाहुणे म्हणायचे, "दात काढायला एवढं शिकायचं?" डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, त्यामुळे आमच्याकडे डॉक्टरकीचं उदाहरण थेट चीनपर्यंत जातं. एका काकांनी तर विचारलं होतं, "कोटणीसांच्या गावची पोरगी आणि दाताची डॉक्टर?" हसण्यावारी नेलं मी. पण आत कुठंतरी ते बसलं.

कारण माझं माझा मामा. मामा टेम्पो चालवतो. मावा, सुपारी दिवसभर तोंडात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखू-चुना घोटून मिळणारा मावा कुणाला चुकलाय? मी अकरावीत असताना मामाला तिखट लागेना. म्हणजे जिभेला लावलं की आग. मग हळूहळू तोंड उघडेना. भाकरी दुधात कुस्करून खायला लागला. आम्हाला वाटलं दाढ दुखत असेल. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी दाढ बघितलीच नाही आधी. म्हणाल्या, "तुमची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." मामाची दोनसुद्धा जाईनात. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी आखडत जाते, त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. त्या बाईंनी तीन बोटांत ते ओळखलं. मामानं मावा सोडला. तोंड पूर्ण उघडत नाही अजून, पण दर काही महिन्यांनी तपासणीला जातो. मला त्या दिवशी कळलं की हे काम करायचंय.

आता एवढं पक्कं कारण असताना पोरगी थकते कशी? तेच मला कळत नव्हतं.

पहिल्या प्रयत्नात 487 आले. 2024 ला मार्कांचा नुसता पूर आला होता, त्यात 487 कुठल्या कुठं वाहून गेले. मग ड्रॉप. सकाळी सहाला अभ्यासिका, दुपारी क्लास, रात्री परत अभ्यासिका. भिंतीवर कागद चिकटवला, 'रोज 12 तास'. रविवारी टेस्ट. गणपतीपर्यंत मार्क चढले, दिवाळीला थांबले, नोव्हेंबरपासून खाली यायला लागले. मी तास वाढवले. मार्क आणखी खाली.

डिसेंबरमध्ये काय व्हायचं सांगते. क्रेब्स सायकलचं पान उघडायचं. वाचायचं. खाली पोचले की वर काय होतं ते आठवायचं नाही. परत वर. असं एकाच पानावर दीड तास. अभ्यासिकेतल्या पंख्याला एक पातं वाकडं होतं, ते दर फेरीला टक् वाजायचं, मी ते मोजायचे. घरी आले की आईवर चिडायचे, तिनं नुसतं "जेवतीस का?" विचारलं तरी. रात्री दोनपर्यंत रील्स. मजा म्हणून नाही हां, सकाळ होऊ नये म्हणून.

वरून आमचं दुकान झेरॉक्सचं. जूनपासून ॲडमिशनवाली पोरं येणार, मार्कलिस्ट, डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर, सगळ्याच्या तीन-तीन कॉपी. मी काउंटरला असले की प्रत्येकाचे मार्क माझ्या डोळ्यांखालून जायचे. 612. 640. 587. मशीनच्या त्या हिरव्या उजेडात मला फक्त दुसऱ्यांचे आकडे दिसायचे. मग मी दुकानात बसायचंच सोडलं.

आणि मग मी टेस्टला जायचंही सोडलं. रविवारी सकाळी घरातून निघायचे, पोहे खाऊन, आजीच्या पाया पडून. आणि कंबर तलावाच्या काठाला जाऊन बसायचे. तीन तास वीस मिनिटं झाली की घरी. "कसा गेला पेपर?" "बरा गेला." असे चार रविवार.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात क्लासमधला शिपाई आमच्याच दुकानात आला. रँकलिस्टच्या चाळीस कॉपी काढायच्या होत्या. आता बघा, सोलापुरात झेरॉक्सची दुकानं काय कमी आहेत? पण तो आला आमच्याकडंच. पप्पांनी कागद काचेवर ठेवला. शेवटच्या ओळीत माझं नाव. पुढं चार रकान्यांत चार वेळा, गैरहजर.

पप्पांनी चाळीस कॉपी काढल्या, स्टेपल केल्या, पैसे घेतले. मला फोन नाही केला. रात्री जेवणं झाल्यावर वर आले, याच खोलीत. एक कॉपी जादा काढली होती, ती समोर ठेवली. म्हणाले, "चार रविवार कुठं होतीस गं?"

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मीपण भांडले असते. मी रडायला लागले आणि थांबताच येईना. म्हटलं, "पप्पा, मला काहीच येत नाही. मी फसवायलेय तुम्हाला. मला डॉक्टर व्हायचं नाही, मी त्या लायकीची नाही." ते बसून राहिले. मग म्हणाले, "व्हायचं नाही, का होणार नाही असं वाटायलंय? दोन्ही वेगळं आहे. ते उद्या-परवा सांग. आता झोप. आणि उद्यापासून आठ दिवस दुकानात बस माझ्याबरोबर. पुस्तक आणू नको."

आठ दिवस मी कागद भरले, बाइंडिंग केलं, आधार कार्ड लॅमिनेट केली. पहिले तीन दिवस अपराधी वाटत होतं. चौथ्या दिवशी मला भूक लागली. खरी भूक. शेंगाचटणी, दही आणि भाकरी, दुकानातच बसून खाल्ली. पाचव्या रात्री सलग सात तास झोपले.

त्याच आठवड्यात गच्चीवर जाऊन मी 14416 ला फोन केला. हा टेलिमानसचा नंबर, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. मला वाटलं "सकारात्मक राहा" वगैरे सांगतील. पलीकडच्या ताईंनी विचारलं, झोप किती, जेवण किती, हे किती आठवड्यांपासून, आणि सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मी म्हटलं, "नाही, पण उठूच नये असं वाटतं." त्या घाईत नव्हत्या. म्हणाल्या, हे कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा, सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, आणि घरच्या एकाला तरी सगळं सांगा. मी आईला सांगितलं. आईला कळलं होतंच म्हणा.

आता थोडं शास्त्राचं. बर्नआउट हा शब्द फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1974 मध्ये वापरला. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणारी माणसं कशी विझत जातात, ते त्यानं पाहिलं होतं. लक्षात घ्या, मनापासून राबणारी. जागतिक आरोग्य संघटना त्याची तीन लक्षणं सांगते. एक, गळून जाणं. दोन, कामाबद्दल मन उठणं, चीड येणं. तीन, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्यांची व्याख्या नोकरीसाठी आहे, पण बारा तास अभ्यासिकेत बसणारं पोरगं दुसरं काय करत असतं? मेसेजमध्ये जे विचारत होतात ना, आळशी आहे का, त्याचं माझं उत्तर हे. आळशी माणसाला अभ्यास न झाल्याचं एवढं दुःख होत नाही.

मग परत सुरुवात कशी केली? तीन गोष्टी सांगते.

पहिली, भिंतीवरचा कागद काढला. बाराचे आठ तास केले आणि रात्री फोन आईच्या उशाखाली. फेब्रुवारीच्या टेस्टला याच आठ तासांवर बसले.

दुसरी, मार्क बघायचे सोडून चुका बघितल्या. त्या टेस्टमध्ये 180 पैकी 118 बरोबर, 38 चूक, 24 सोडलेले. म्हणजे 472 वजा 38, 434. पूर्वी मी इथंच रडले असते. यावेळी 38 चुका वहीत मांडल्या. 15 नुसते ठोकताळे, काही येत नसताना गोल काळे केलेले. 11 येत होते पण प्रश्न नीट वाचला नव्हता, 'नाही ते ओळखा' मधलं 'नाही'च दिसलं नाही. खरंच येत नव्हते ते फक्त 12. ते 15 सोडले असते तर 15 मार्क वाचले असते. 11 नीट वाचले असते तर प्रत्येकी पाच, म्हणजे 55. तीच मी, तेवढाच अभ्यास, 504. "मला काहीच येत नाही" हे वाक्य हिशोबात बसेना. ठोकताळे आणि घाई हे थकलेल्या डोक्याचं काम होतं.

तिसरी, नुसतं वाचणं कमी केलं. पुस्तक मिटायचं आणि दुकानातल्या वाया गेलेल्या कागदांच्या मागच्या बाजूला आठवेल ते लिहायचं. स्वतःला विचारून आठवलेलं परत परत वाचण्यापेक्षा जास्त दिवस टिकतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. सुरुवातीला चिडचिड होते, कारण काय येत नाही ते लगेच उघडं पडतं. पण पंखा मोजायला वेळ राहत नाही.

आणि हो, गड्ड्याला गेले. आजीला घेऊन. मैदानात फिरले, पाळण्यात बसले, आजी खालून ओरडत होती. दुसऱ्या दिवशी पप्पांना उत्तर दिलं. म्हटलं, "व्हायचंय. होईल का ते माहीत नाही."

4 मेचा पेपर आठवतोय ना? फिजिक्सनं सगळ्यांनाच रडवलं. मीपण उन्हात गेटबाहेर येऊन रडले, नाही कशाला म्हणू. 14 जूनला निकाल. 431. आधीच्या वर्षीपेक्षा 56 कमी! आई देवापुढं बसली. पण त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्यालाच 686 होते, आणि माझी रँक मागच्यापेक्षा बरीच वर आली होती. ज्या आकड्यावर मी दोन वर्षं स्वतःची किंमत ठरवत होते, तो आकडा पेपरागणिक बदलतो. सीट खाजगी कॉलेजात मिळाली, सोलापूरबाहेर, शिक्षणकर्ज काढून. ते कर्ज डोक्यावर आहे. सगळं छान झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. कर्ज मिळालं नसतं तर दुसरं काही शिकले असते, आणि ते आठ दिवस तरीही लागले असतेच.

शंका गेली का? नाही. पहिल्या वर्षाला आम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला देतात. माझा पहिला, वरचा पुढचा दात, मॅडमनी बघितला आणि म्हणाल्या, "हा दात आहे का खडू?" सगळी हसली. आणि लगेच तोच जुना आवाज, तू चुकून इथं आलीस. या आवाजावर क्लान्स आणि आइम्स या दोघींनी 1978 मध्ये लिहून ठेवलंय, शिकलेल्या, यश मिळवलेल्या बायकांनाही आपण लबाडीनं इथवर आलोय असं वाटत राहतं. मला ते वाचून बरं वाटलं. त्या रात्री मी खोलीतल्या मैत्रिणीला म्हटलं, मला भीती वाटतेय. तिनं कपाटातून तिचा दात काढून दाखवला. तो माझ्याहून वाईट होता. [हसते]

आईबाबा ऐकत असतील तर त्यांना एकच विनंती. मार्क विचारायच्या आधी झोप विचारा.

आणि तुम्ही, जे टेस्टला जातो सांगून कुठंतरी तलावाकाठी बसलाय. आज घरी एकाला तरी सांगा. घरी सांगण्यासारखं नसेल तर 14416. उठूच नये असं वाटत असेल, तर उद्यावर ढकलू नका, आत्ता लावा.

ती चाळीसातली जादाची कॉपी अजून माझ्याकडं आहे, ॲनाटॉमीच्या पुस्तकात. चला, आजी खालून हाका मारतीय. मामापण आलाय, गड्ड्याला जायचंय. निघायच्या आधी त्याची तीन बोटं तपासते मी, दर खेपेला. यावेळी अडीच गेली.

भेटू पुढच्या भागात.