उकिरड्याखालचे पाणी आणि वायू



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास बोलावले तेव्हा आम्ही पगार, बोनस किंवा कामाचे तास यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आज आम्ही विषय घेतला आहे कचऱ्याचा. आमचे शिक्षण कॉलेजात झाले नाही. जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. म्हणून शास्त्राच्या गोष्टी आम्हास समजल्या तशा साध्या शब्दांत मांडतो.

लोणावळ्याचा कचरा वरसोलीच्या डेपोकडे जात आला आहे, हे आपण जाणता. सुट्टीच्या दिवशी येणारा पाहुणा चिक्की घेऊन जातो आणि खरकटे मागे ठेवतो. घंटागाडी वळणाआड गेली की आपल्या लेखी ते संपले. परंतु कचरा डेपोवर पडला म्हणजे स्वस्थ बसत नाही. तो कुजतो, आणि कुजताना खाली पाणी सोडतो व चहूकडे वायू सोडतो. ही दोन्ही जमिनीखालून जातात, डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून त्यांच्यावर पहारा हवा. तो कसा ठेवावा आणि कोणी ठेवावा, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम पाणी. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उघड्या ढिगातून झिरपताना तो क्षार घेतो, कुजकी घाण घेतो, जुन्या बॅटऱ्यांतले शिसेही घेतो. आपल्याकडे वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. वाळूच्या मुलखात पाणी बरेचसे सारखे पसरते; कातळात ते भेगा धरून जाते. त्यामुळे ढिगालगतची विहीर चांगली राहावी आणि लांबची नासावी, असे घडू शकते. एकच विहीर तपासून निकाल देणे म्हणजे एका कामगाराला विचारून साऱ्या कारखान्याचे मत ठरवणे होय.

पुण्याचा कचरा १९८१ पासून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडू लागला. तेथल्या विहिरी बिघडल्या, लोक टँकरच्या पाण्यावर आले, वर्षानुवर्षे आंदोलने झाली. ध्यानात घ्या, ढीग वरून झाकला तरी खडकात शिरलेली घाण लगेच निघत नाही. नासलेली विहीर सुधारण्यास वर्षे लागतात. म्हणून पहारा विहीर नासण्याच्या आधीपासून पाहिजे.

कामगार कोर्टात गेला की पहिला प्रश्न येतो, मस्टर कोठे आहे? हजेरी लागलेली नसेल तर घाम गाळूनही कामाचा पुरावा राहत नाही. विहिरींचेही तसेच मस्टर ठेवा. ढिगाच्या वरच्या अंगाची निदान एक विहीर आणि उताराकडच्या दोन-तीन निवडा. वरच्या विहिरीवरून मूळचे पाणी कळते, खालच्यांवरून त्यात काय मिसळले ते कळते. प्रत्येक वेळी पाण्याची पातळी मोजा. पाणी कोणत्या दिशेने सरकते याचा अंदाज त्यावरून येतो. क्लोराइडवर विशेष लक्ष ठेवा. तो क्षार मातीत अडकत नाही, पाण्याच्या चालीनेच चालतो. म्हणून धोक्याची पहिली वर्दी बहुधा तोच देतो.

केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांत भरावाच्या हद्दीपासून ५० मीटरांच्या आतले भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशा तिन्ही वेळा तपासावे, असे लिहिले गेले. यात शहाणपण आहे. मावळात ऑगस्टमध्ये सर्व विहिरी तुडुंब असतात आणि घाण पातळ होते. त्या एका नमुन्यावर शुद्धतेचा दाखला मिळाला, तर मे महिन्यात तेच पाणी पिणाऱ्या बाईने कोणाकडे जावे?

आता वायू. कुजणाऱ्या कचऱ्यातून मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. मिथेनला स्वतःचा वास नाही. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने भडका उडतो. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने खड्ड्यात साचतो आणि आत उतरणाऱ्या माणसाचा जीव घेतो. इंग्लंडात डर्बीशायरमधील लॉस्को गावी २४ मार्च १९८६ रोजी पहाटे एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला, तीन माणसे जबर जखमी झाली. जवळच्या भरावातला वायू खडकातून घराखाली आला होता. त्या रात्री हवेचा दाब सात तासांत २९ मिलिबार उतरला होता. दाब उतरला की जमिनीतला वायू बाहेर पडतो. पावसाने वरची माती भिजून बंद झाली, तर तो आडव्या वाटेने घरांकडे सरकतो. पावसाळी हवा आणि भेगाळ कातळ दोन्ही आपल्या दारी आहेत.

यावर उपाय आहेत. हद्दीवर बोअर घेऊन त्यातला वायू यंत्राने मोजावा, काडी पेटवून कधीही पाहू नये. ढीग आणि वस्ती यांच्यामध्ये खडीने भरलेला चर खणावा. ढिगात भोकांचे नळ उतरवून वायू ओढून घ्यावा आणि जाळावा किंवा इंधनास वापरावा. मुंबईत गोराईचा सुमारे २० हेक्टरांचा डेपो १९७२ पासून भरत होता. २००७ साली तो बंद करून वरून झाकला गेला आणि वायू गोळा करण्याची योजना झाली. देवनारला मात्र जानेवारी २०१६ मध्ये डेपो पेटला आणि धुराने शहर कोंडले.

पहारा कोणी ठेवावा? हमालाच्या मालाचा काटा एकट्या व्यापाऱ्याच्या हाती देऊ नये, हे आम्ही जन्मभर सांगत आलो. येथेही तोच न्याय. ज्याचा ढीग, त्याच्याच एकट्याच्या हाती नमुन्याची बाटली नको. नमुना गावकऱ्यांसमक्ष घ्यावा, दोन सह्यांनी बाटली बंद करावी आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. डेपोवर राबणाऱ्यांनाही या कामात घ्यावे. धूर कोठून निघतो, जमीन कोठे गरम लागते, हे त्यांना सर्वांआधी कळते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा या माणसांना कामगार म्हणून ओळख मिळाली. त्यांचे ज्ञानही मानले पाहिजे.

आपल्याकडे उरलेले काम सोपे आहे. ओले खरकटे डेपोवर गेलेच नाही, तर कुजके पाणी आणि वायू यांची मुळेच तुटतात. ते घरी, हॉटेलात, बंगल्यात वेगळे ठेवा आणि त्याचे खत करा. इंद्रायणी येथे उगम पावते आणि पुढे देहू-आळंदीस जाते. वर बसलेल्या माणसाने खालच्याच्या घागरीची काळजी घ्यावी, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.