खेळ हेच शिशुवयाचे अध्ययन

(एका बालवाडीच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी शिक्षणशास्त्राचा पंडित नाही. वृत्तपत्रीय लेखनाच्या निमित्ताने अनेक शाळा पाहिल्या, शिक्षकांशी बोललो, एवढाच माझा अधिकार. मला निमंत्रण देण्यास आलेल्या ताईंनी बोलता बोलता आपली एक व्यथा सांगितली. जून-जुलै सरला की पालक विचारू लागतात, "मुलगा रोज नुसता खेळूनच येतो, लिहायला कधी शिकवणार?" आणि दिवाळीनंतर दोन-चार मुले शेजारच्या, गृहपाठ देणाऱ्या नर्सरीत गेलेली असतात. आज मी या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

हा प्रश्न आजचा नाही. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. वकिली सोडून लहान मुलांत रमणाऱ्या या गृहस्थाकडे लोक कुतूहलाने पाहत असतील, यात नवल नाही. पुढे ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. माँटेसरीबाईंची पद्धत या दोघांनी अभ्यासिली, स्वीकारली. पण डोळे मिटून नव्हे. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. गीत, कथा, नाट्य यांना त्यांनी बालशिक्षणात मानाचे स्थान दिले आणि हे सारे मुलाच्या मातृभाषेत व्हावे, असा आग्रह धरला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. शहरातील सुखवस्तू घरांतून रुजलेली ही पद्धत खेड्यात टिकेल काय? १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात गेली. आज देशभर रूढ झालेल्या 'अंगणवाडी' या शब्दामागे त्या अंगणांची स्मृती आहे. १९५७ साली हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये, स्थिरावले.

माँटेसरी साधने सुबक असतात आणि महागही. कोसबाडला ती परवडणार नव्हती. मग शंखशिंपले आले, बिया आल्या, पाने, फुले, खडे आणि माती आली. लहानमोठ्या बियांची वर्गवारी करताना मूल गणिताची पहिली पायरी चढत होते. शिंपले उतरत्या क्रमाने मांडताना तुलना शिकत होते. शिक्षणासाठी पैसा लागतो, यात खोटे नाही. पण या वयात पैशाहून अधिक लागते ती पाहणारी नजर. आपल्या शहरांत वातानुकूलित वर्ग, प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या आणि भिंतीवर परदेशी चित्रपटांतील पात्रे असलेल्या नर्सऱ्या निघाल्या आहेत. त्यांचे शुल्क ऐकून मला कोसबाडचे शिंपले आठवतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मूल खेळते म्हणजे नेमके काय करते?

प्रथम हाताचे पाहू. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. तीन वर्षांच्या बालकात त्यांतील बरीचशी अद्याप हाडे झालेलीच नसतात, केवळ कूर्चा असते. अशा हातात पेन्सिल देऊन दुरेघी वहीत अक्षरे गिरवून घेणे म्हणजे ओल्या विटांवर भिंत उभारणे होय. तेच मूल मणी ओवते, कणीक मळते, चिमटीने डाळ-तांदूळ निवडते, तेव्हा त्याचा अंगठा आणि दोन बोटे पेन्सिलीसाठीच सिद्ध होत असतात. ताई मण्यांची वाटी पुढे ठेवतात, तो लेखनाचाच पाठ असतो. पालकांना तो वहीत दिसत नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट भातुकलीची. चार मुले 'घर-घर' खेळत आहेत. एक आई, एक बाबा, एक डॉक्टर. डॉक्टर झालेल्या मुलाला पळावेसे वाटते. पण डॉक्टर पळत नाहीत, म्हणून तो बसून राहतो, रांगेतल्या रुग्णाची विचारपूस करतो. आपण दटावून ज्याला पाच मिनिटे बसवू शकत नाही, तो स्वतःच्या इच्छेने वीस मिनिटे स्वतःला आवरतो! लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने हे मर्म ओळखले होते. कल्पनेच्या खेळात मूल नियमाला आनंदाने बांधून घेते आणि नेहमीच्या वयापेक्षा जणू हातभर उंच होते. शिवाय या खेळात भाषा किती वाहते! 'आधी', 'नंतर', 'समजा', 'म्हणून' हे शब्द तक्त्यावरून पाठ होत नाहीत. भांडणातून आणि समजुतीतून ते ओठी येतात.

ठोकळ्यांचा मनोरा कोसळला की मूल क्षणभर हिरमुसते आणि पुन्हा रचू लागते. मोठा ठोकळा खाली हवा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. खेळातून शिक्षण म्हणजे मुलांना मोकळे सोडून ताईंनी गप्पा मारणे नव्हे. कोणते साहित्य केव्हा मांडायचे, भांडणात कधी पडायचे आणि कधी दूर राहायचे, अबोल मुलाला खेळात कसे ओढायचे, "पाणी कुठे गेले असेल रे?" असा प्रश्न नेमक्या क्षणी कसा टाकायचा, याला फार मोठे कौशल्य लागते. चाळीस मुलांना एकसुरात पाढे म्हणायला लावणे त्या मानाने सोपे आहे. आपल्या समाजात या ताईंना मिळणारे मानधन पाहिले, तर आपण या कौशल्याची किंमत काय करतो ते कळते. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची अंगणवाडी आज खेडोपाडी पोहोचली आहे. पण पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली तेथील सेविकेला मुलांशी खेळण्यास वेळ किती उरतो, हे कोणत्याही अंगणवाडीत तासभर बसून पाहावे.

शासनाला हे कळत नाही असे नाही. नर्सरी प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात, असे यशपाल समितीने १९९३ साली सांगितले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकच पायाभूत टप्पा मानली आणि त्यासाठी खेळावर आधारित शिक्षण सुचविले. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात तर तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोश विचाराचा आधार घेतला आहे. देह, प्राण, मन, बुद्धी आणि आनंद या साऱ्यांचा विकास एकत्र व्हावा, ही ती दृष्टी. धोरण उत्तम आहे. पण दिवाळीनंतर मूल काढून नेणारा पालक धोरण वाचून निर्णय घेत नाही. तो शेजारच्या घरातील भरलेली वही पाहून घेतो. म्हणून हे भाषण मी शासनाला उद्देशून नव्हे, आपल्याला उद्देशून करीत आहे.

मूल घरी आल्यावर "आज काय शिकवले?" असे विचारू नका. "आज कोणाबरोबर खेळलास?" असे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मोबाइल बाजूला ठेवा. आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांच्या गोष्टीचा तास कोणत्याही शिकवणीसाठी मोडू नका. स्वयंपाकघरात पोळी लाटताना एक गोळा त्याच्याही हाती द्या. पोळीचा नकाशा होईल, होऊ द्या.

बाहेर पडवीत ताईंनी एक रिकामे खोके ठेवले आहे. घरातील जुनी मोठी बटणे, रिकामी रिळे, कापडाचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, चिंचोके, गावाकडून आणलेले शिंपले, जे असेल ते धुऊन-पुसून त्यात टाका. चिंचोके आणि बटणे ताईंच्या देखरेखीखालीच मुलांच्या हाती जातील. घरी धाकटे भावंड असेल, तर या वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, कारण ते पहिल्यांदा तोंडातच घालणार.